कुत्र्या-मांजरांना अँटिबायोटिक देताना : मेडिकलच्या काउंटरवर रोज येणारे प्रश्न

आमचं मेडिकल अमळनेर-चोपडा रोडच्या पट्ट्यात आहे, घरी दोन कुत्रे आणि एक मांजर, त्यामुळे गिऱ्हाईक माणसाचं औषध घ्यायला आलं तरी जाता जाता जनावराचा एक प्रश्न ठरलेला. आधीच सांगतो, मी फार्मासिस्ट आहे, जनावरांचा डॉक्टर नाही. कोणतं औषध द्यायचं ते तुमचे डॉक्टर ठरवतील, मी सांगतोय ते लिहून दिलेलं औषध जनावराच्या पोटात नीट कसं जाईल एवढंच. कारण गडबड होते ती जास्त करून तिथेच होते.

भो, कुत्राले जुलाब लागनात, एखादी गोयी दे ना?

नाही देणार. आणि राग येऊ देऊ नका. पहिलं म्हणजे अँटिबायोटिक शेड्यूल एचमधे, म्हणजे पर्चीवरच विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत येतात, स्ट्रिपवर लाल रेघ असते ती बघा, पर्चीशिवाय विकायची नाहीत. काही तर एच-वन मधे आहेत, सेफिक्झिम, सेफपोडॉक्सिम, सेफ्ट्रायाक्झोन वगैरे, त्यांची मला वेगळ्या रजिस्टरला नोंद करून ३ वर्षं जपून ठेवावी लागते, २०१४ पासून हा नियम आहे. जनावरांच्या रजिस्टर्ड डॉक्टरांची पर्ची चालते, ती आणा, लगेच देतो.

दुसरं, कायदा सोडा, जुलाबाला बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही. लग्नाच्या पंगतीतलं खरकटं खाल्लं, उकिरड्यावर तोंड घातलं, असे जुलाब दोन-तीन दिवसात साध्या जेवणावर आणि पाण्यावर थांबतात. पूर्वी सरसकट मेट्रोनिडाझोल दिली जायची, आता चांगले डॉक्टर जुलाब दिसले की लगेच ती लिहीत नाहीत. पण रक्त पडतंय, पिल्लू आहे, लस झालेली नाही, उलट्या थांबत नाहीत, निपचित पडलंय, तर माझ्याकडे येण्यात वेळ घालवू नका, सरळ दवाखाना गाठा. पार्व्हो असू शकतो, आणि पार्व्हो व्हायरस आहे, त्याच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. डॉक्टर त्यात अँटिबायोटिक देतात ते आतड्याचं अस्तर फाटून तिथले जंतू रक्तात शिरतात म्हणून, आणि जीव वाचतो तो मुख्यतः सलाईनवर.

माणसाचंच औषध असतं ना ते? मग घरात उरलेलं का नको?

औषध पुष्कळदा तेच असतं हे खरंय. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड, डॉक्सिसायक्लिन, सेफॅलेक्सिन हे सगळं दोघांनाही चालतं. फरक डोसात आहे आणि तो फरक जीवघेणा असतो.

एक हिशोब सांगतो. मांजरासाठी अमॉक्सी-क्लॅव्हची जी गोळी मिळते ती ६२.५ मिलीग्रॅमची. आपल्या घरात दाढ दुखताना आणलेली असते ती ६२५ ची. एका टिंबाचा फरक, म्हणजे दहा पट औषध! फोनवर "सव्वासहाशे" ऐकलं की मी दोनदा विचारतो, मांजर की माणूस.

दुसरा हिशोब याहून वाईट. एन्रोफ्लॉक्सासिन जनावरांची गोळी आहे, ५० आणि १५० मिलीग्रॅममधे मिळते. मांजराला दिवसाला किलोमागे ५ मिलीग्रॅमच्या वर गेलं की डोळ्याच्या पडद्याला इजा होऊन ते आंधळं होऊ शकतं, आणि गेलेली नजर सहसा परत येत नाही. ४ किलोच्या मांजराची हद्द झाली २० मिलीग्रॅम. आता घरच्या कुत्र्याची १५० ची गोळी उरलीय म्हणून "अर्धीच देतो" म्हणणारा माणूस ७५ देतोय. जवळजवळ चौपट. त्याला वाटतं आपण कमी देऊन काळजी घेतली.

हीच गोळी वाढत्या वयातल्या कुत्र्याच्या पिल्लालाही सहसा देत नाहीत, सांध्यातल्या कूर्चेला त्रास होतो म्हणून, आणि फिट येणाऱ्या कुत्र्यालाही जपूनच. हे सगळं डॉक्टरांच्या डोक्यात असतं, आपल्या डब्यातल्या स्ट्रिपवर लिहिलेलं नसतं.

जाता जाता, अँटिबायोटिक नाही पण याच डब्यात असते म्हणून सांगतो: पॅरासिटामॉल मांजराला द्यायची नाही. पाव पण नाही, तुकडा पण नाही, मरतं. आयबुप्रोफेन कुत्र्याला पण नाही आणि मांजराला पण नाही. ताप वाटतोय म्हणून अँटिबायोटिकसोबत "एक तापाची पण" असं कोणी मागितलं की मी हात जोडतो.

वजन अंदाजे सांगितलं तर चालतं का?

नाही चालत. सगळा डोस किलोवर असतो. आणि आपला अंदाज कायम चुकतो, केसाळ कुत्रा जड वाटतो, बारीक गावठी हलका वाटतो. घरातल्या वजनकाट्यावर आधी कुत्र्याला उचलून उभे राहा, मग एकटे, वजाबाकी करा. मांजराचं सोपं, कापडी पिशवीत बसवा, तोंड तेवढं बाहेर, आणि भंगारवाल्याकडे लटकवायचा काटा असतो त्याला अडकवा. आमच्या गल्लीत एकाने किराणावाल्याच्या काट्यावर ठेवलं होतं, मांजराने शेंगदाण्याच्या पोत्यात उडी मारली, पण वजन कळलं, ३ किलो ८००.

पिल्लू असेल तर दर आठवड्याला परत करा. लांब कोर्समधे पिल्लू वाढतं आणि डोस मागे राहतो.

गोळी कशात लपवून देऊ?

आपल्याकडे केळीला काय तोटा, जळगाव जिल्ह्यात राहून गोळी लपवायला वेगळं काही विकत आणायची गरज नाही. बऱ्याच कुत्र्यांना केळीचा तुकडा आवडतो, त्यात खुपसा. भाकरीचा मऊ गोळा, उकडलेल्या अंड्याचा बलक, उकडलेल्या चिकनचा तुकडा, हे चालतं. युक्ती अशी की आधी एक रिकामा तुकडा द्यायचा, मग गोळीवाला, आणि लगेच हातात तिसरा दिसला पाहिजे. तिसऱ्याच्या हावेने दुसरा चावायचा राहून जातो.

काय नको ते पण ऐका. भरीत नको! आपलं भरीत म्हटलं की लसूण, कांद्याची पात, हिरवी मिरची, सगळं आलंच. शेवभाजीचा रस्सा पण नको. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो, आणि मांजरांना तर थोडाही बाधतो. मनुका-द्राक्षं नकोत, चॉकलेट नको. आणि माणसाचं शुगर-फ्री सिरप कुत्र्याला देण्याआधी लेबल वाचा, झायलिटॉल असेल तर ते कुत्र्याला विष आहे.

पूर्ण ताटात गोळी कुस्करून ठेवू नका. अर्धं खाल्लं आणि उठून गेला तर किती पोटात गेलं ते देवाला माहीत.

दुधातून चालेल ना? दुधाने उष्णता होत नाही म्हणतात.

हा प्रश्न दिवसातून एकदा तरी येतोच. डॉक्सिसायक्लिन आणि एन्रोफ्लॉक्सासिन या दोघांना दूध, दही, पनीर, चीज सोबत नको. त्यातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते रक्तात कमी उतरतं, म्हणजे गोळी गेली पण काम झालं नाही. लोहाचं टॉनिक, कॅल्शियमचं सिरप, ॲसिडिटीचं सिरप, यांचं पण तेच, मधे निदान दोन तासाचं अंतर ठेवा. कुत्रा आजारी पडला की आपण प्रेमाने टॉनिक-कॅल्शियम सगळं एकाच वेळी पाजतो, तिथे सगळं बिनसतं. अमॉक्सी-क्लॅव्हला दुधाने असा फरक पडत नाही, फक्त ती जेवणासोबत द्या, उलटी कमी होते.

मांजर काही केल्या गोळी घेत नाही. काय करू?

मोठा टॉवेल घ्या, मांजर मधे, चारही बाजूंनी घडी, खापरावरचा मांडा कसा घडी करून ठेवतो तसं. फक्त डोकं बाहेर. एका हाताने वरचा जबडा गालाच्या हाडापाशी धरून डोकं थोडं वर करा, दुसऱ्या हाताच्या बोटाने खालचा जबडा उघडा, गोळी जिभेच्या अगदी मागे टाका, तोंड मिटा, गळ्यावरून हात फिरवा, नाकावर हलकी फुंकर मारा. जीभ बाहेर काढून नाक चाटलं की समजा गिळली.

आणि आता पाणी. हे वाचून सोडून देऊ नका. गोळी गेल्यावर सुई काढलेल्या सिरिंजने ५-६ मिली पाणी गालाच्या बाजूने हळूहळू पाजा, किंवा लगेच पातळ खाणं द्या. मांजराची कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून बसते. डॉक्सिसायक्लिन अडकली तर ती तिथे भाजल्यासारखी जखम करते, आणि ती जखम भरताना नळी आवळते. हे पुस्तकात वाचलेलं सांगत नाहीये. आमच्या चिंगीला डॉक्सी चालू होती, मी फार्मासिस्ट, मला वाटायचं मला सगळं येतं, सकाळी शटर उघडायच्या घाईत गोळी टाकायचो तोंडात आणि निघायचो. आठवडाभराने ती खायला यायची, दोन घास घ्यायची आणि न पचलेलं तसंच बाहेर काढायची. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळीमागे पाणी देता का?" मी गप्प. पुढचे दोन महिने पातळ खाणं, जळगावला चकरा, आणि घरात कोणी माझ्याशी धड बोलेना. आज चिंगी बरी आहे पण सिरिंज बघितली की माझ्याकडे ज्या नजरेने बघते ना...

सिरपची सिरिंजसुद्धा सरळ घशात मारू नका, श्वासनलिकेत जातं. गालाच्या कप्प्यात, थोडं थोडं.

औषध दिल्यावर तोंडाला फेस आला, विष झालं का?

मांजर असेल तर बहुतेक कडू लागलं. मेट्रोनिडाझोल तर भयंकर कडू, गोळीचा तुकडा जिभेवर विरघळला की फेसाच्या धारा लागतात, थोड्या वेळात थांबतात. म्हणून गोळी तोडायची वेळ आलीच तर तुकड्यावर थोडं तूप लावा. आणि कॅप्सूल उघडून पावडर देऊ नका, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय.

पण मेट्रोनिडाझोल चालू असताना कुत्रं-मांजर झोकांड्या खातंय, मान एकीकडे कलतेय, बुबुळं आपोआप हलताहेत, तर गोळी थांबवून लगेच फोन करा. डोस जास्त झाल्याचं ते लक्षण आहे.

काय झालं तर धावपळ करायची आणि काय झालं तर थांबायचं?

थोडी शी पातळ, भूक थोडी कमी, एखादी उलटी, हे होतं, डॉक्टरांना फोनवर सांगा आणि विचारून पुढचा डोस द्या. तोंड-डोळे सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, कोसळलं, तर ही ॲलर्जी आहे, पुढची गोळी नाही आणि एक मिनिट पण वाया नाही. मांजराने पूर्ण दिवसभर काहीच खाल्लं नाही तर तेही हलक्यात घेऊ नका, उपाशी मांजराचं लिव्हर लवकर बिघडतं, जाड मांजराचं तर जास्तच. सल्फाच्या गोळ्या लांब चालल्या तर कुत्र्याचे डोळे कोरडे पडतात, चिकट घाण येते, ते डोळे आले म्हणून ड्रॉप टाकत बसू नका.

एक डोस विसरलो, आता दोन देऊ?

नाही. आठवला तेव्हा द्या. पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर विसरलेला सोडून द्या.

दिवसातून दोनदा म्हणजे कधी?

१२ तासांनी. सकाळी ७, रात्री ७. "सकाळी एक आणि दुकानातून जेवायला आलो की एक" असं नाही, मग रात्रभर रक्तात औषध उरत नाही.

चार दिवसात कुत्रा उड्या मारायला लागला, आता बंद केलं तर?

गोचीड तापात हे सगळ्यात जास्त होतं. आपल्याकडे गोठा आणि कुत्रा एकाच अंगणात, भिंतीच्या फटीत गोचीड, त्यामुळे हा ताप घरोघरी. हा ताप आणणारा एर्लिचिया नावाचा जंतू, त्याला डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस लिहितात, आणि कुत्रा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच जेवायला लागतो. झालं, मालक स्ट्रिप बाजूला ठेवतो. जंतू अंगात दडून राहतो आणि पुढे महिन्यांनी नाकातून रक्त, प्लेटलेट खाली, तेव्हा पळापळ. आणि गोचिडीतूनच बॅबेसिया पण येतो, तो वेगळा जीव आहे, एकट्या डॉक्सीने जात नाही, म्हणून रक्त तपासा म्हणतात ते पैसे काढायला नाही.

पण उलटं पण खरंय. प्रत्येक कोर्स लांबच पाहिजे असं नाही. कुत्रीला साधं लघवीचं इन्फेक्शन असेल तर आता ३ ते ५ दिवसच लिहितात. म्हणून किती दिवस हे पर्चीवर बघा, वाढवायचं असो की थांबवायचं, डॉक्टरांना विचारून. स्वतःच्या मनाने नाही.

आमचे डॉक्टर म्हणतात जखमेचा पू तपासायला पाठवू. लागतं का?

एकदाच झालं असेल तर कदाचित नाही. पण तोच कान, तीच खाज, तीच लघवी परत परत येत असेल आणि आधी दोन औषधं देऊन झाली असतील, तर पाठवा. कोणतं औषध त्या जंतूला लागू पडतं ते कल्चरमधे, म्हणजे लॅबमधे जंतू वाढवून केलेल्या तपासणीत कळतं. दोन-चार दिवस थांबावं लागतं आणि पैसे लागतात, पण तीन चुकीच्या कोर्सपेक्षा स्वस्त पडतं. शक्यतो नवीन अँटिबायोटिक सुरू करण्याआधी नमुना घ्यायचा.

जनावराला अँटिबायोटिक जास्त झालं तर आपल्याला काय होतं?

जंतू माणूस-जनावर बघत नाही. कुत्रा पलंगावर झोपतो, पोरं त्याला मिठी मारतात, औषधाला दाद न देणारे जंतू इकडून तिकडे जातात. अर्धवट डोसाने जंतू सरावतात हे फ्लेमिंगने १९४५ मधे नोबेल घेतानाच्या भाषणात सांगितलं होतं, आणि पेनिसिलिन त्यानेच शोधलेलं. क्लोरॅम्फेनिकॉलचं डोळ्यात घालायचं मलम असेल तर हातमोजे घाला, क्वचित कोणाला तरी पण माणसाच्या रक्ताला वाईट त्रास होऊ शकतो. बाकी कोणतीही गोळी दिल्यावर साबणाने हात धुवा.

मे महिन्यात औषध कुठे ठेवू?

बहुतेक गोळ्यांवर २५ किंवा ३० डिग्रीच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं, आणि भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. गाडीच्या डिक्कीत, मोटरसायकलच्या बॅगेत, खिडकीत ठेवू नका. ज्यांचं जुनं धाब्याचं घर आहे त्यांनी मधल्या खोलीतल्या फडताळात ठेवावं, बाकीच्यांनी सगळ्यात थंड खोलीत, खालच्या कप्प्यात. माठाजवळ नको, ओल लागते.

पावडरचं सिरप असतं ते उकळून गार केलेल्या पाण्यात खुणेपर्यंत बनवायचं, अमॉक्सी-क्लॅव्ह असेल तर फ्रीजमधे, बर्फाच्या कप्प्यात नाही. माणसांचं सहसा ७ दिवसांनी फेकायचं, जनावरांचं काही १० दिवस चालतं, बाटलीवर लिहिलेलं असतं ते खरं. बनवलं त्या दिवशीची तारीख पेनाने बाटलीवर टाका. लाइट गेली आणि लवकर यायची चिन्हं नसतील तर थर्मासमधे बर्फ, त्यावर फडकं, त्यावर बाटली. प्रत्येक वेळी हलवून द्या, आणि चमच्याने नको, सिरिंजने मोजा, घरातला प्रत्येक चमचा वेगळा असतो.

गल्लीतल्या कुत्र्याला जखम झालीय, बिस्किटात गोळी देतो.

मन मोठं आहे तुमचं, पण तो उद्या सापडेल का? सकाळ-संध्याकाळ पाच-सात दिवस तोच कुत्रा, तीच गोळी, दुसऱ्याने खाल्ली नाही, हे जमणार असेल तरच. नाहीतर डॉक्टरांना विचारा, जास्त दिवस टिकणारं इंजेक्शन असतं. आणि जखमेत अळ्या असतील तर गोळीने अळ्या मरत नाहीत, आधी जखम साफ करून अळ्या काढाव्या लागतात. तालुक्याचा सरकारी पशुदवाखाना बघा, सरकारी फिरत्या पशुदवाखान्याच्या १९६२ नंबरला पण फोन करून बघा, ती सेवा मुख्यतः गाई-म्हशींसाठी आहे पण विचारायला काय जातं.

उरलेल्या गोळ्या?

कोर्स नीट झाला तर उरायला नकोत, उरल्या तर काहीतरी चुकलंय, मोजून डॉक्टरांना सांगा. पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, शेजारच्याला देऊ नका. गटारीत, उकिरड्यावर नको, तिथे दुसरी जनावरं तोंड घालतात. स्ट्रिपमधून काढा, वापरलेल्या चहापत्तीत कालवा, पिशवीला गाठ मारा आणि घंटागाडीत.

गोळी देताना मांजराने बोट फोडलं, मी पण एक अँटिबायोटिक घेऊन टाकू का?

आधी नळाखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरू नका. मग माणसांच्या डॉक्टरकडे जा, रेबीजच्या लसीचं ते बघतील, मांजराचा दात बारीक असतो पण खोल जातो आणि आत पू धरतो, त्यामुळे गोळी लागेल की नाही तेही तेच सांगतील. रेबीजवर कोणतंच अँटिबायोटिक चालत नाही. आणि तुमच्यासाठी पण पर्ची लागेलच, भाऊ.